कोड, गळती आणि थरथर: इंजिनाचं दुखणं स्वतः शोधताना

माझ्या गाडीत इंजिन चेकचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा गाडीच्या संगणकानं नोंदलेला दोषाचा कोड आला होता पी०१७१. अर्थ शोधला, ‘मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त’ असं कळलं. पुढे कुठंतरी ‘ऑक्सिजन सेन्सर तपासा’ असं वाचलं आणि मी तपासायचं सोडून सरळ नवा सेन्सर बसवला. तीन दिवसांनी दिवा परत लागला, कोड तोच. दोष होता बोटभर जाडीच्या एका रबरी नळीत. ती खालच्या बाजूनं चिरली होती आणि वरून बघताना अगदी धडधाकट दिसत होती. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, दुसरं काय!

कोड, ऑइलची गळती आणि आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) होणारी थरथर या तीन तक्रारी आपण वेगवेगळ्या धरतो. पण पुष्कळदा त्या एकाच दोषाच्या तीन खुणा असतात. म्हणून एकही पार्ट बदलण्याआधी तिन्ही बाजूंनी माहिती गोळा करायची, हे या लेखाचं सूत्र. सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. डिझेलमध्ये स्पार्क प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) नसतात, शिवाय इंजेक्टरच्या लाइनमध्ये प्रचंड दाब असतो. नवशिक्यानं त्या लाइनला हात लावू नये.

पाना उचलण्याआधी

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली स्टँड हवेतच. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो, त्यामुळे बोटं आणि बाही त्यापासून लांब ठेवा. गाडी हायब्रिड असेल तर नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) केबलच्या वाटेला जाऊ नका.

आता एका कागदावर चार गोष्टी लिहा. त्रास थंड इंजिनला होतो की गरम? एसी लावल्यावर वाढतो का? थांबलेल्या गाडीत होतो की चढावर? आणि तो सुरू होण्याआधी गाडीला कुणी हात लावला होता? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत थरथर सुरू झाली असेल, तर एअर फिल्टरच्या डब्याची न लागलेली क्लिप, अर्धवट बसवलेली नळी किंवा लावायचा राहिलेला कनेक्टर आधी बघा. निम्मी कोडी इथंच सुटतात.

कोड वाचणं

स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला १६ पिनांचं एक सॉकेट असतं. ही ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीची झाली. त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ते सापडतं. मोबाइलला जोडता येणारा साधा ब्लूटूथ रीडर आपल्या कामाला पुरतो. गाडी बंद असताना तो लावा, चावी ‘ऑन’ला न्या आणि ॲपमधून कोड वाचा.

आलेले सगळे कोड लिहून घ्या. एकच लक्षात ठेवून बाकीचे सोडू नका. ‘पेंडिंग’ म्हणून वेगळी यादी असते, तीही उतरवा. पुष्कळ दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि पहिल्या फेरीनंतर ते या यादीत पडून असतात. मग ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा. कोड नोंदला त्या क्षणी आरपीएम किती होते, वेग किती होता, इंजिनाचं तापमान काय होतं, याची ती नोंद असते. दोष ७०० आरपीएमला पकडला गेला की ३००० ला, यावरून तपासाची दिशाच बदलते.

यातलं काहीही लिहून घेण्याआधी ‘क्लिअर’चं बटण दाबू नका. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते आणि संगणकानं स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद कोरी होते. दिवा विझतो, दोष राहतो आणि पुरावा तेवढा नाहीसा होतो.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर ‘पी’ असेल तर विषय इंजिन-गिअरबॉक्सचा, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चासी आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधला आपापसातला संवाद. त्यापुढे ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, मग त्याचा अर्थ त्याच गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधायचा. तिसरी जागा विभाग सांगते: १ आणि २ हवा-इंधनाचे, ३ इग्निशन (ठिणगी) आणि मिसफायरचा (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटण्याचा), ४ धुराच्या नियंत्रणाचा, ५ वेग आणि आयडलिंगचा, ७ गिअरबॉक्सचा.

दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर इतका जोराचा आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागी थांबा. काही मिनिटांच्या हट्टापायी कन्व्हर्टर जायचा.

पी०१७१ आणि टक्क्यांची भाषा

माझी चूक झाली तो हा कोड. इथं थोडं थांबू, कारण एवढं समजलं तर बाकीचं निदान निम्मं सोपं होतं.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. किती कमी-जास्त केलं, ते ‘फ्युएल ट्रिम’ या नावानं टक्क्यांत दिसतं. एक शॉर्ट टर्म, म्हणजे या घडीचं. दुसरं लाँग टर्म, म्हणजे अंगवळणी पडलेलं. दोन्हींची बेरीज करा. शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक २० म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय.

हवा की पेट्रोल, हे कसं ठरवायचं? इंजिन पूर्ण गरम करा. आयडलिंगला आकडा लिहा. मग न्यूट्रलमध्ये रेस देऊन २५०० आरपीएमला मिनिटभर धरा आणि पुन्हा लिहा. समजा आयडलिंगला +२२ आणि २५०० ला +४ आला, तर हवेची गळती जवळपास नक्की. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झाकणी) जवळपास बंद असतो, इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे फटीतून येणारी हवा मोठा वाटा खाते. थ्रॉटल उघडला की तीच फट नगण्य होते. उलट आयडलिंगला आकडा बरा आणि चढावर, जोर लावताना +२० होत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांच्याकडे बघा. (ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सरऐवजी फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथं हवेच्या गळतीनं ट्रिमपेक्षा आयडलिंगचे आरपीएमच जास्त चढलेले दिसतात.)

आणखी एक चकवा आहे. एखादा सिलिंडर मिसिंग (म्हणजेच मिसफायर) करत असेल तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सरला वाटतं हवाच जास्त आहे. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला चीर असेल तरी हाच घोळ. म्हणून मिसफायर आणि पी०१७१ एकत्र आले तर मिसफायर आधी सोडवा, असं मी सांगेन.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) दिसला की लोक कन्व्हर्टरच बदलायला निघतात. आधी बाकीचे कोड आणि पाइपची गळती निपटा, कन्व्हर्टरचं नंतर. पी०४५५ (पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती) ला टाकीचं झाकण नीट घट्ट करून बघा; हसू नका, खरंच तेवढंच असतं कधी कधी.

मिसिंग कुठल्या सिलिंडरला?

पी०३०० म्हणजे मिसफायर आहे, पण एका जागी नाही. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पहिला सिलिंडर कुठला ते मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. आपल्या डाव्या हाताचा तो पहिला, असं नसतं.

अदलाबदलीची चाचणी बिनखर्चाची आणि सगळ्यात खात्रीची. समजा कोड पी०३०२ आहे.

१. इंजिन बंद करा, गार होऊ द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कनेक्टर लॉक दाबूनच काढा. जुनं प्लास्टिक चटकन तुटतं.

२. कोड पुसा (आता हरकत नाही, तुम्ही लिहून घेतलाय) आणि गाडी चालवा.

३. पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच खराब.

४. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. आता हीच अदलाबदल प्लगची करा.

५. प्लगनंही कोड हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) उरतं.

प्लग काढलेलाच आहे तर त्याचं टोक बघून घ्या. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे तब्येत उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, तेलकट टोक म्हणजे ऑइल आत येतंय. परत बसवताना प्लग आधी हातानं फिरवत न्या, पान्यानं सुरुवात केली की आटे जातात. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गेलेले आटे फार महागात पडतात.

चालू इंजिनात एकेक प्लगची वायर उपटून ‘आवाज बदलतो का’ बघायची जुनी रीत आहे. आजच्या गाड्यांवर ती करू नका. झटका तर बसतोच, कॉइल आणि संगणकही जाऊ शकतो.

कॉम्प्रेशन मोजायचं असेल तर सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (गॅस्केट म्हणजे जोडातली गळती रोखणारी पट्टी). इथून पुढचं काम गॅरेजचं.

थरथर, पण कोड नाही

आधी एक ठरवा: इंजिन खरंच मिसिंग करतंय की नुसता हादरा केबिनपर्यंत पोचतोय? आरपीएमचा काटा स्थिर आहे, सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला कागद एकसारखा फडफडतोय, तरी स्टिअरिंग थरथरतंय, असं असेल तर इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) बघा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ‘डी’ला टाकल्यावर हादरा वाढत असेल आणि न्यूट्रलला जवळपास नाहीसा होत असेल, तर माउंटिंगचा संशय पक्का होतो. कागद मधूनच अडखळत असेल तर मिसिंग.

काटा वर-खाली झोके घेत असेल तर हवेची गळती किंवा मळलेली थ्रॉटल बॉडी. सिग्नलला थांबता थांबता इंजिन बंद पडतं, ही थ्रॉटल बॉडीची ओळखीची खूण आहे. झाकणीच्या कडेला काजळीचं कडं साठतं आणि आयडलिंगला लागणारी इवलीशी हवा अडते. इंजिन बंद, चावी काढलेली ठेवून क्लीनर कापडावर घ्या आणि पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झाकणी बोटानं जोर लावून ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांना आयडलिंग नव्यानं शिकवावं लागतं. तोवर आरपीएम जास्त राहिले तर घाबरू नका, मॅन्युअलमधली पद्धत करा. एअर फ्लो सेन्सरला मात्र त्याच्यासाठी मिळणारा वेगळा स्प्रेच मारायचा. त्यातली तार केसासारखी असते, तिला कापूससुद्धा लावायचा नाही.

हवेची गळती शोधायला हातभर लांबीची रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं टोक इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या वाटेच्या) प्रत्येक जोडावरून फिरवा. सुस्कारा ऐकू येतो. पट्टे आणि पंखा यांपासून मात्र नळी दूर. मग व्हॅक्यूमच्या नळ्या पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून एकेक करून हलकेच दाबा. एखादी दाबल्यावर आयडलिंग सुधारलं, तर गळती त्या नळीच्या पलीकडे. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नका. पेडल कडक लागत असेल आणि दाबताना फुसफुस येत असेल तर आधी तीच, आणि ते सुटेपर्यंत गाडी चालवू नका. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे बरेच आहेत. तो पेट घेतो. मला ती पद्धत पसंत नाही. गॅरेजमधला धुराचा टेस्ट थोड्या वेळात तेच काम बिनधोक करतो.

ऑइल येतंय कुठून?

गाडीखाली रात्रभर मोठा पुठ्ठा ठेवा आणि पुढचं-मागचं टोक त्यावर लिहा. सकाळी डाग बघा. तपकिरी किंवा काळा म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुधा गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंग. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट. स्वच्छ पाणी म्हणजे एसी, सोडून द्या. चाकाजवळ पिवळट, पातळ, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेकचं ऑइल असू शकतं. गाडी हलवू नका.

डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर आधी भरा, शोध नंतर. आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालताना लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद. तिथं ‘घर जवळच आहे’ चालत नाही.

ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं. त्यामुळे थेंब पडतो त्याच्या वर बघायचं: ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. माखलेल्या इंजिनावर हे दिसत नाही, म्हणून थंड इंजिन डीग्रीझरनं पुसून कोरडं करा (अल्टरनेटर आणि कनेक्टर झाकून). संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्यावर काळा ओघळ जिथून सुरू होतो, तोच उगम. थेंब फारच सावकाश येत असेल तर ऑइलमध्ये घालायचा रंग मिळतो. अतिनील दिव्यात तो चमकतो.

वरून खाली येताना ओळखीचे गुन्हेगार भेटतात. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट पहिलं. ऑइल प्रेशरचा स्विच. ऑइल फिल्टर: कधी जुन्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसतो आणि दोन रबरांमधून धार लागते. ड्रेन बोल्टचा वॉशर, चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाचं) गॅस्केट, क्रँकचं पुढचं सील. आणि शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं मेन सील. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून कुणी ‘मेन सील गेलंय’ म्हणालं की आधी टॅपेट कव्हरची मागची कड पावडर टाकून बघाच. तिथून निघालेलं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमकं मेन सीलच्या जागी टपकतं.

टॅपेट कव्हरचे बोल्ट आवळून गळती थांबवायचा मोह होतो. ते फार हलक्या जोराचे असतात. जास्त आवळलं की गॅस्केट चुरगळतं किंवा बोल्टच तुटतो. ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर येत असेल तर आगीचा धोका आहे, गाडी उभी करा.

प्लग काढताना खोबणीत ऑइल साठलेलं सापडलं, तर टॅपेट कव्हरच्या आतली प्लगच्या नळ्यांची सीलं गेलीत. त्या ऑइलनं कॉइलचं रबर फुगतं, ठिणगी बाजूला पळते आणि पी०३०२ येतो. नुसती कॉइल बदलणाऱ्याला ती लवकरच परत बदलावी लागते. दोष सीलचा, कोड मिसफायरचा आणि तक्रार थरथरीची.

तिन्ही खुणा एकदम दिसल्या तर

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. इंजिन चालताना थोडा गॅस रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. पीसीव्ही तो गॅस इनटेकमध्ये परत नेऊन जाळतो. ही वाट तुंबली की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सापडेल त्या सीलमधून बाहेर पडतं. मग गॅस्केट बदलतात, ते गळतं, परत बदलतात. माझ्या ओळखीच्या एका गाडीला दोनदा नवं गॅस्केट बसलं. पीसीव्हीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा त्याचा पातळ पडदा फाटला तर उलटं होतं: इंजिन त्यातून हवा ओढत राहतं, पी०१७१ येतो, आयडलिंग झोके घेतं, कधी शिट्टीसारखा आवाज येतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं झाकण जपून काढा (शिंतोडे उडू शकतात) आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. तो हलकेच आत ओढला गेला तर ठीक. फुग्यासारखा फुगला तर आत दाब आहे: एकतर पीसीव्ही तुंबलाय किंवा रिंगा झिजल्यात, आणि ते कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून कळेल. झाकणच ओढलं जाऊन निघता निघत नसेल तर पडदा फाटलेला. काही गाड्यांत पीसीव्ही टॅपेट कव्हरमध्येच घडवलेला असतो, मग अख्खं कव्हर बदलावं लागतं.

दुरुस्ती झाल्यावर

कोड पुसा आणि गाडी तीन-चार दिवस नेहमीसारखी चालवा: थंड स्टार्ट, थोडी गर्दी, थोडा मोकळा रस्ता. मग दिव्याची वाट न बघता पेंडिंगची यादी उघडा आणि ट्रिमचे आकडे कागदावरच्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. माझ्या गाडीत नळी बदलल्यावर आयडलिंगचा आकडा +३ वर आला होता. प्रदूषण तपासणीला जायचं असेल तर ॲपमध्ये ‘रेडिनेस’ (संगणकाच्या तपासण्या पुन्हा पुऱ्या झाल्या का) बघूनच जा. टाकीच्या वाफेची तपासणी अपूर्ण दिसत असेल तर टाकी काठोकाठ किंवा जवळपास रिकामी तर नाही ना बघा. बहुतेक गाड्या ती तपासणी पेट्रोल मधल्या पातळीला असतानाच करतात.